शटर आठ वाजता ओढा, हे डॉक्टरसाहेबांना कुणी सांगायचं?

वाचकाचं पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. माझे मिस्टर दातांचे डॉक्टर. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातून बीडीएस करून यांनी १९९२ साली इथे दवाखाना टाकला. तेव्हा गावात दुसरा डेंटिस्ट नव्हता. लोक बाजाराच्या दिवशी चादर टाकून बसणाऱ्याकडून दात काढून घ्यायचे. खाली दवाखाना, वर घर. सकाळी नऊला शटर उघडतं, बंद कधी होतं ते विचारू नका. रात्री साडेदहाला बेल वाजते, ‘साहेब, दाढ लय ठनकून राह्यली’, की हे ताटावरून उठलेच.

घराकडे यांचं लक्ष नाही असं कुणी म्हटलं तर मीच भांडेन. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. त्यांची कवळी यांनीच केली, हिरडीला टोचते म्हटलं की लगेच घासून देतात. सकाळी त्यांची भाकर दुधात कुस्करून देणं हेही यांचंच काम. मुलाच्या दहावीला पहाटे उठून चहा यांनी केला, मी नाही. आश्रमशाळांतली शिबिरं, खर्रा सोडवण्याची धडपड, गरिबाकडून पैसे न घेणं, हे सगळं मला पटतं. उधारीची वही मीच लिहिते.

पण हे आता साठीला आलेत. मान धरते. रात्री उजव्या हाताला मुंग्या येतात म्हणून उठून बसतात. मुलगाही दातांचाच डॉक्टर, पुढचं एमडीएस करून पुण्यात एका मोठ्या क्लिनिकमध्ये लागलाय. तो म्हणतो, दवाखाना विका आणि इकडे या. हे म्हणतात, मी गेलो तर या लोकांनी जायचं कुठं? दोघं फोनवर आता फक्त क्रिकेटवर बोलतात. परवा मी म्हटलं, निदान आठ वाजता शटर ओढत जा. तर म्हणाले, ‘तूपण असं म्हणायला लागलीस?’ तेव्हापासून मनात घोळतंय, मी स्वार्थी झाले का? वर्ध्याला बहिणीकडे चार दिवस जायचं कधीचं राहिलंय. काय करू?

उत्तर :

तुम्ही स्वार्थी वगैरे काही झालेल्या नाहीत. तुमचं पत्र तुम्हीच एकदा वाचून पाहा. साहेबांबद्दल भरभरून लिहिलंत, सासूबाईंची भाकरसुद्धा सुटली नाही, आणि स्वतःबद्दल ती वर्ध्याची एक ओळ, तीही जाता जाता. ज्या दवाखान्याची वही तुम्ही लिहिता, ज्याच्या बेलचा आवाज तुमच्या स्वयंपाकघरात येतो, तो एकट्या डॉक्टरांचा कसा? शटर किती वाजता ओढायचं यावर बोलायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ‘सेवेला वेळकाळ नसतो’ हे बहुधा तोच म्हणतो ज्याला जेवण पुन्हा गरम करावं लागत नाही.

पण शटरचं नंतर बघू. आधी तो हात.

मुंग्यांचं तुम्ही मुलाच्या नोकरीच्या आधी एका वाक्यात उरकलंत, आणि माझं मन तिथंच अडकलं. दातांच्या डॉक्टरांची मान, खांदे, कंबर आणि मनगट ही त्या धंद्याची ठरलेली दुखणी आहेत. माझ्या ओळखीत एक डेंटिस्टबाई आहेत, त्यांना मी तुमच्या पत्रातला एवढाच भाग सांगितला. त्यांनी विचारलं, ‘उभ्याने काम करतात का?’ मी तुमच्या वतीने ‘असतील’ म्हटलं, कारण त्या पिढीतले बरेचजण करतात. तोंडात नीट दिसत नाही म्हणून डोकं पुढे आणि एका बाजूला वळवायचं, उजवा कोपर हवेत, हातात दात कोरायचं फिरणारं यंत्र (हँडपीस), आणि असं तासन्‌तास. त्यात मागच्या वरच्या दाढेचं रूट कॅनाल असेल तर बघायलाच नको. हातातलं यंत्र सूक्ष्म थरथरत असतं आणि बोटांनी अवजार घट्ट धरलेलं असतं. मुंग्या मनगटातल्या दबलेल्या नसेमुळे येऊ शकतात, मानेच्या मणक्यामुळे येऊ शकतात, आणि साखर वाढलेली असेल तर तिच्यामुळेही. यातलं नेमकं कुठलं, हे मी इथे बसून सांगणार नाही, तुम्हीही घरी ठरवू नका. नागपूरला किंवा यवतमाळला हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील तर नसांची तपासणी करून घ्या, आणि त्याच खेपेला रक्तातली साखर बघा. हातातली ताकद कमी होते आहे, वस्तू निसटते आहे, असं काही असेल तर महिनाही थांबू नका.

डॉक्टर लोक स्वतःचा आजार पुढे ढकलण्यात पटाईत असतात. ‘तुमची तब्येत’ म्हणून सांगाल तर ‘बघू’ म्हणतील. त्याऐवजी एवढंच सांगा की या हाताने उद्या कुणाच्या जबड्यात सुई द्यायची आहे. तिथे ते ‘बघू’ म्हणू शकणार नाहीत.

तपासणी होईपर्यंतही काही गोष्टी करता येतात. बसून काम करायचं स्टूल, दात मोठा दाखवणारा चष्मा (त्याला लूप म्हणतात, तो नजरेला नीट बसवून घेतला तर मान ताठ ठेवून काम होतं), आणि शेजारी अवजार हातात देणारा, थुंकी ओढणारी नळी धरणारा माणूस. कंपाउंडर असेल तर त्याला हे शिकवता येतं. लूप स्वस्त मिळत नाही. पण मुलाला वडिलांना काही द्यायचं असेल तर पुण्याच्या फ्लॅटपेक्षा हे आधी द्यावं, असं माझं मत. तो स्वतः एमडीएस आहे. कुठला घ्यायचा, डोळ्यांपासून किती अंतरावर बसवायचा, हे त्याला कळतं. आणि त्या निमित्ताने बापलेक क्रिकेट सोडून दुसरं काहीतरी बोलतील.

आता रात्रीची बेल. ती वाजवणारा माणूस खोटं बोलत नाही. किडलेल्या दाढेची नस सुजली की आडवं झाल्यावर ठणका वाढतो, कारण डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि दाढेच्या आतल्या बंद जागेत सूज पसरायला वाव नसतो. म्हणून दिवसभर ‘थोडं थोडं’ दुखणारी दाढ अंथरुणावर पडल्यावर माणसाला रडवते. बिचारा लवंगेचं तेल लावतो, तंबाखूची चिमूट धरतो, कुणी तर दुखण्याची गोळीच हिरडीवर चुरून ठेवतो आणि हिरडी भाजून घेतो. मग चप्पल घालून तुमच्या दारात येतो.

पण साडेदहाला डॉक्टरसाहेब त्याच्यासाठी काय करतात, ते एकदा त्यांनाच विचारा. मदतनीस घरी गेलेला, दिवसभराचा शीण, त्यात हाताला मुंग्या. अशा वेळी रूट कॅनाल सुरू करत नाहीत, सुजलेली दाढ घाईने उपटतही नाहीत. बहुतेक वेळा बघतात, धीर देतात, गोळी देतात आणि म्हणतात, सकाळी ये. यातलं धीर देणं महत्त्वाचं, हे मान्य. पण ज्याला कुठली गोळी चालते आणि कुठली नाही हे आधीपासून माहीत आहे, अशा रुग्णाला हे फोनवर सांगता येतं. दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोप, बाहेरून गरम शेक देऊ नकोस, सकाळी नऊला पहिला नंबर तुझा. नवा माणूस, गरोदर बाई, दम्याचा, किडनीचा किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळीवरचा रुग्ण असेल तर बघूनच द्यावं लागेल. हा फरक साहेबांना माझ्यापेक्षा हजार पटींनी कळतो, म्हणून तो त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

दारावर पाटी लावायची तर त्यावर काय असावं हे मी त्या डेंटिस्टबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, रात्री खरोखर थांबू नये अशा गोष्टी मोजक्याच असतात. तोंडाची सूज हनुवटीखाली किंवा डोळ्याकडे पसरते आहे, ताप आहे, गिळता येत नाही किंवा श्वासाला त्रास होतो आहे : अशाला दातांच्या खुर्चीवर बसवायचंच नाही, थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं. दाढ काढल्यावर कापूस अर्धा तास घट्ट चावून धरूनही रक्त थांबत नाही. अपघातात जबडा हलला आहे, दातांवर दात बसत नाहीत. आणि लहान मुलाचा पक्का दात पडून मुळासकट बाहेर आला आहे. हे शेवटचं मला नव्याने कळलं आणि ते प्रत्येक शाळेत लावायला हवं : दात मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, घासायचा नाही, दुधात टाकायचा आणि होता होईल तेवढ्या लवकर, तासाभराच्या आत, डॉक्टर गाठायचा. दुधाचा दात असेल तर तो परत बसवत नाहीत. यापैकी काही घेऊन कुणी आलं तर साहेबांनी ताटावरून उठावं, आणि तुम्ही ताट झाकून ठेवावं. बाकीच्यांना सकाळी नऊ.

गावाला सवय लागायला वेळ जाईल. ‘डॉक्टर आता मोठे झाले’ असं दोघंचौघं बोलतील. बोलू द्या.

आता ते म्हणतात ते, ‘मी गेलो तर या लोकांनी जायचं कुठं?’ हे काही रिकामं नाही. १९९२ पेक्षा आज दातांचे दवाखाने कितीतरी वाढलेत, नुसता दात काढायला माणूस कुठेही जाईल. पण तुम्ही पत्रात एक गोष्ट अर्ध्या ओळीत लिहिलीत, ‘खर्रा सोडवण्याची धडपड’. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते : सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून पानटपरीवर डोळ्यांसमोर तयार करून देतात, तो खर्रा. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण घोटणारा हात कोण धरणार? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले, आणि त्यातले बहुतेक ओढणारे नव्हेत, खाणारे किंवा मशेरी लावणारे. पोरं तर म्हणतात, ‘तंबाखू कमी टाकतो, नुसती सुपारीच असते.’ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही २००४ साली कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं आहे. आधी गालाची आतली कातडी पांढरी पडून चिवट होते, तिखट सोसत नाही, मग तोंड उघडेनासं होतं. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का, हे कुणीही आरशासमोर बघू शकतो. विशीतल्या पोराची दोनच बोटं जातात तेव्हा त्याला ‘आजपासून बंद’ म्हणणारा, त्याच्या बापाला ओळखणारा, पुढच्या बाजाराला पुन्हा तोंड उघडून बघणारा डॉक्टर कुठल्याही मोठ्या क्लिनिकात मिळत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेच्या पुढाकाराने ‘मुक्तिपथ’ नावाने २०१६ पासून दारू आणि तंबाखूविरुद्ध गावोगाव काम चाललं आहे, ते पाहिलं की कळतं, हे काम ओळखीच्या माणसानेच होतं.

तुमच्या जिल्ह्यात पाण्याचाही प्रश्न आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या पट्ट्यात अनेक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात आणि लोक म्हणतात, पोरगं दात घासत नाही. आठेक वर्षांपर्यंत दात हिरडीच्या आत घडत असतात, तेव्हाच पाणी बदललं तर उपयोग; नंतर कितीही घासा. शिवाय सहाव्या वर्षी सगळ्यांत मागे येणारी दाढ दुधाची समजून आया सोडून देतात. ती जन्माची दाढ असते, पडून दुसरी येत नाही. वरची दाढ काढली की डोळा जातो, हा गैरसमज तर अजून चालूच आहे. हे सगळं समजावणं म्हणजे साहेबांची खरी कमाई, आणि यातलं काहीही रात्री साडेदहाला होत नाही. आश्रमशाळेत सकाळी होतं, खुर्चीवर दुपारी होतं, ताजातवाना माणूस असेल तर चांगलं होतं. आठला शटर ओढलं तर सेवा कमी होणार नाही, गोळ्या वाटणं कमी होईल. साहेबांशी बोलताना हाच धागा धरा.

‘घराकडे लक्ष द्या’ हे वाक्य मात्र वापरू नका. ते देतात, तुम्हीच लिहिलंय, आणि खोटा आरोप ऐकला की माणूस खरी तक्रारही ऐकत नाही. शिवाय बोलायची वेळ रात्रीची, पेशंट गेल्यानंतरची नको. सकाळी आईंची भाकर कुस्करताना बोला, आईंच्या देखत. ८४ वर्षांच्या आईने ‘हाताला काय झालं रे?’ असं विचारलं तर साठीचा मुलगाही गप्प बसतो.

मुलाचं आता. तो चूक नाही. त्याने गावात परत यावं असं तुमच्यापैकी कुणाच्या मनात असेल तर ते स्पष्ट विचारा, आणि नाही म्हणाला तर तिथेच सोडून द्या. पण ‘विका आणि इकडे या’ हाही उपाय नव्हे. सगळ्या तालुक्याचं तोंड ओळखणाऱ्या माणसाला पुण्यात चौथ्या मजल्यावर बसवलं तर तो सकाळी नऊला काय करेल? मध्ये एक वाट आहे. राज्यात दंत महाविद्यालयं भरपूर झाली, दरवर्षी मुलंमुली बीडीएस होऊन बाहेर पडतात आणि शहरांत तुटपुंज्या पगारावर दुसऱ्याच्या खुर्चीवर काम करतात. त्यातली एखादी तुमच्याच भागातली, घराजवळ राहू इच्छिणारी मुलगी शोधा. नवी दुसरी खुर्ची लगेच नको, आधी आठवड्यातले तीन दिवस आहे तीच खुर्ची तिला द्या. राज्य दंत परिषदेची नोंदणी चालू आहे ना, हे बघा. पैशांची वाटणी, सामानाचा खर्च कुणी करायचा, सोडून जायचं तर किती आधी सांगायचं, हे कागदावर लिहा. हे काम साहेबांकडे देऊ नका. ते पहिल्याच दिवशी ‘तुला काय वाटेल ते घे’ म्हणतील. हे तुमचं खातं. मुलगा अवघड केसेससाठी महिन्या-दोन महिन्यांतून येणार असेल तर उत्तम, पण त्याच्या येण्यावर काहीही अडवून ठेवू नका.

उधारीच्या वहीबद्दल थोडं. फुकट करणं बंद करा असं मी म्हणणार नाही. पण खासगी दवाखान्याला पेन्शन नसते, आणि कॅप, सिमेंट, एक्स-रे यांचे पैसे पुरवठादार तुमच्याकडून रोख घेतो. बाजाराच्या दिवशीची दुपार ठरवून टाका : त्या दिवशी ज्याला जमेल त्याने जमेल तेवढं द्यावं, वहीत काहीच लिहायचं नाही. इतर दिवशी मात्र फी सांगून घ्यायची. तुमच्या वहीत जुनी उधारी बरीच असेल. जी येणार नाही हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, तिच्यावर रेघ मारा. सावकार, कंत्राटदार आणि गावचे पुढारी यांच्या नावावर मात्र रेघ मारू नका, त्यांना निरोप धाडा. (अशी नावं प्रत्येक डॉक्टरच्या वहीत असतात, म्हणून न बघता लिहिते आहे.) आणि दोघांचा आरोग्य विमा नसेल तर साठी उलटायच्या आत उतरवा, नंतर हप्ता चढतो आणि अटी वाढतात.

हे सगळं ऐकून साहेबांनी शटर तरीही नऊला ओढलं तर भांडू नका, साडेदहापेक्षा बरंच आहे. पण हाताची तपासणी आणि दारावरची पाटी या दोन गोष्टींवर अडून बसा. पाटी तुमच्या अक्षरात लिहा, वहीमुळे गाव ते अक्षर ओळखत असेल. बेलचा खटका रात्री दवाखान्यातून बंद करता येतो, आणि पाटीवर फोन नंबर कुणाचा टाकायचा तेही तुम्ही ठरवा. पहिले काही महिने फोन कंपाउंडरने उचलला तरी चालेल, त्याला त्याचे वेगळे पैसे द्या.

वर्ध्याचं मात्र यातल्या कशालाही बांधू नका. नवी डॉक्टर मिळाली की जाऊ, हात बरा झाला की जाऊ, असं केलंत तर पुढच्या दिवाळीलाही तुम्ही बेलच ऐकत असाल. येत्या आठवड्यात बहिणीला फोन करा आणि एसटीने निघा. आईंचं सकाळचं ते बघतातच, दुपारच्या जेवणाला चार दिवस डबा लावता येतो, आणि तेवढे दिवस वही लिहायची वेळ आली की डॉक्टरसाहेबांना आपण किती फुकट करतो तेही कळेल.